पॅडल ओढू की ब्रेक दाबू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नमस्कार सर, मी नुकतीच ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार घेतलीय, स्टिअरिंगच्या मागे पॅडल आहेत. एक मित्र म्हणतो वेग कमी करायला डावं पॅडल ओढून गिअर खाली आणत जा, ब्रेक वाचतात. दुसरा म्हणतो असं करशील तर गिअरबॉक्सची वाट लागेल. मला तर गिअर खाली येतानाचा तो आवाजच भारी आवडतो. नक्की काय करू?

उत्तर: नमस्कार. गाडीचा वेग कमी करायचं काम ब्रेकचं आहे, हे आधी सांगून टाकतो.

आता का ते बघा. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किमीवर आहे आणि तुम्ही चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक मारला, तर त्या पहिल्या क्षणी ब्रेक साधारण ४०० किलोवॅट एवढी शक्ती उष्णतेत घालवत असतात, म्हणजे ५०० हॉर्सपॉवरच्या वर, आणि तेही चारही चाकांवर. इंजिन ब्रेकिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढीने वेग कमी करण्यात, काय होतं, तर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, मिटतो, इंजेक्टर पेट्रोल सोडायचं बंद करतात आणि उलट चाकंच इंजिनाला फिरवायला लागतात, त्या ओढाताणीत गाडी हळू होते. ही ओढ खरी आहे पण ब्रेकच्या मानाने फारच थोडी, आणि ती फक्त ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांनाच लागते.

आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं हे आहे की पूर्ण ब्रेक मारल्यावर गाडी किती लवकर थांबणार हे टायरची पकड ठरवते. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम, चालू झालं याचा अर्थच असा की ब्रेकने टायरकडून मिळेल तेवढं सगळं घेतलंय, मग वरून तीन गिअर खाली आणले तरी टायर जास्तीचं कुठून देणार? म्हणून समोर काही आडवं आलं तर पॅडल विसरा, ब्रेक दाबा आणि दाबून धरा.

उलट गिअरने घोटाळा होऊ शकतो. मी स्वतः अनुभवलंय, मागच्या चाकांवर चालणारी गाडी होती, रस्ता ओला, वळणात शिरलो आणि वेग जास्त वाटला म्हणून घाईत दोनदा डावं पॅडल ओढलं. मागची चाकं एकदम अडली आणि गाडीची शेपटी बाहेर गेली, गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणाऱ्या स्टॅबिलिटी कंट्रोलने सावरलं म्हणून निभावलं. वेग कमी होताना गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्यावर इंजिनाची ओढ टाकली की पकड सुटते. नवीन गाड्यांत असं झालं तर इंजिनाला थोडी रेस देऊन ती ओढ कमी करणारी सिस्टिम असते, पण तिच्या भरवशावर वळणात पॅडलशी खेळू नका. गिअर बदलायचे ते वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

मग रेस ट्रॅकवर ड्रायव्हर ब्रेक मारतानाच धडाधड गिअर खाली का आणतात? तर वळणातून बाहेर पडताना इंजिन योग्य आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) तयार पाहिजे म्हणून. वेग ब्रेकने उतरतो, गिअर पुढच्या पिकअपसाठी असतो. तुमची गाडी स्पोर्ट मोडमध्ये हे बरंचसं आपोआप करते, जोरात ब्रेक दाबलात की स्वतःच गिअर खाली आणते आणि प्रत्येक वेळी आरपीएम जुळवायला हलकी रेस देते. तुम्हाला आवडतो तो आवाज हाच, त्यामुळे ब्रेक नीट मारलात तरी तो ऐकायला मिळेलच.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राबद्दल. गिअरबॉक्सची वाट वगैरे लागत नाही, कारण इंजिन लाल रेषेपलीकडे, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेपलीकडे, जाणार असेल तर कॉम्प्युटर तुमची मागणी नाकारतो, कितीही पॅडल ओढा. पण प्रत्येक शिफ्टला आतले क्लच थोडे घासतात, तेल तापतं, आणि त्या मानाने ब्रेक पॅड ही झिजण्यासाठीच बनवलेली, तासाभरात बदलून मिळणारी वस्तू आहे, तिला वाचवायला गिअरबॉक्स कशाला खर्ची घालायचा? शिवाय गिअरने वेग कमी केला तर तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत, मागच्याला कळणार कसं?

प्रश्न: लांब उतार होता, सारखा ब्रेक वापरत होतो, शेवटी शेवटी ब्रेकचं पेडल मऊ झालं आणि करपल्यासारखा वास आला. ब्रेक खराब झाले का?

उत्तर: बरं झालं विचारलंत, कारण गिअर खाली आणायची खरी जागा हीच. उतारावर वेग धरून ठेवायचा असतो, आणि ते काम इंजिन तासभरसुद्धा न तापता करतं. झेडएफ या कंपनीच्या आठ स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं उदाहरण घ्या, तिच्यात आठव्या गिअरचा रेशो (गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरी जायला इंजिनाला लागणाऱ्या फेऱ्या) ०.६६७ आणि चौथ्याचा १.६६७, म्हणजे आठव्यात इंजिन २००० आरपीएमवर असेल तर त्याच वेगात चौथ्यात ५०००, आणि चाकांना लागणारी ओढ अडीचपटीच्याही वर. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच मॅन्युअल मोड घ्या, गिअर खाली आणा, आणि ब्रेक अधूनमधून ठामपणे मारून सोडा, हलका पाय ठेवून बसू नका.

पेडल मऊ झालं ते बहुतेक ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, उकळायला लागलं म्हणून. डॉट ४ या प्रकारचं फ्लुइड नवीन असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. आता आधी ब्रेक तपासून घ्या, फ्लुइड बदला, आणि पुढेही दर दोन वर्षांनी बदलत जा, पॅड कितीही चांगले दिसत असले तरी.

प्रश्न: उतारावर न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

उत्तर: नाही, आणि कृपा करून करू नका. गिअरमध्ये पाय उचललेला असताना इंजेक्टर बंद असतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच, आणि इंजिनाची ओढही गेली. काही ऑटोमॅटिक गाड्या इको मोडमध्ये पाय उचलला की स्वतःच इंजिन चाकांपासून सोडवतात, तुमची तशी असेल तर उतार लागायच्या आधी इको मोड काढून टाका.