जुन्या स्पीकरना नवा अ‍ॅम्प्लिफायर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे १९९३ साली घेतलेला दर चॅनलला ४० वॉटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच वेळचे ८ ओमचे थ्री-वे उभे स्पीकर आहेत. डावी बाजू मधूनच गप्प होते आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते. दुकानदार म्हणतो, आता किमान १०० वॉटचा घ्या. हॉल १२ बाय १५ फुटांचा आहे. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि भावगीतं. कोणता घ्यावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानात जाण्याआधी जुना सेट नीट तपासा. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं अ‍ॅम्प संपल्याची नाहीत.

खरखर येते ती व्हॉल्यूमच्या पॉटमधल्या, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या रोधकातल्या, मळामुळे. सेटचा प्लग काढून ठेवा. आतले मोठे कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात, म्हणून झाकण लगेच उघडू नका. नंतर पॉटच्या पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे इथे चालत नाही. त्याचा थर मागे राहतो आणि त्यावर धूळ पुन्हा बसते.

गप्प होणाऱ्या बाजूसाठी आधी दोष कुठे आहे ते शोधा. सेट बंद करून अ‍ॅम्पच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. दोष डाव्या स्पीकरलाच राहिला तर वायर किंवा स्पीकर बघा. उजवीकडे सरकला तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याला आवाज पुरवणाऱ्या प्लेयरमध्ये वा केबलमध्ये आहे. मग सीडी प्लेयरच्या लाल-पांढऱ्या पिना उलट लावून पाहा. त्यानंतरही दोष आहे तिथेच राहिला तर अ‍ॅम्पच. गप्प झालेली बाजू आवाज मोठा केला की पटकन परत येत असेल, तर बहुधा स्पीकर रिलेचे (अ‍ॅम्पमधल्या, स्पीकर आपोआप जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेत. सेट चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो, तो याच रिलेचा. तो घासून घेऊ नका, वरचा मुलामा निघून जातो. त्याच कॉइल व्होल्टेजचा आणि पायांच्या त्याच रचनेचा नवा रिले बसवून घ्या. भाग अगदी स्वस्त आहे.

आणखी दोन तपासण्या करा. काहीही न वाजवता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. तानपुरा चालू असताना गुणगुण त्यात लपून जाते, म्हणून शांततेतच ऐका. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जाड, भरड घरघर येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता जास्त. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर ती १०० हर्ट्झ होते आणि कपॅसिटर ती गाळू शकले नाहीत की तीच ऐकू येते. दुसरं, स्पीकरच्या वायरी काढून मल्टिमीटर २००० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलांवर मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा. १०० च्या वर गेला तर स्पीकर जोडू नका, आधी मेकॅनिककडे न्या.

आता स्पीकर. तीस वर्षांच्या जोडीत पहिला संशय वूफरच्या कडेच्या फोमवर घ्यायचा. जाळी काढून फोमला बोट हलकेच लावा. बोटाला चिकट भुगा लागला किंवा फोम भेगाळलेला दिसला, तर नव्या अ‍ॅम्पचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. फोम गेला की कोन मध्यभागी राहत नाही, व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासते, आणि जास्त ताकदीचा अ‍ॅम्प ते काम लवकर संपवतो. फोम बदलणारे कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी केल्यास सापडतात. कड रबरची असेल तर ती सहसा टिकते. क्रॉसओव्हरमधले (स्पीकरच्या पेटीत खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र याच वेळी मोजून घ्या. त्यांची किंमत सरकली की ट्वीटर मंद वाजतो आणि माणूस दोष अ‍ॅम्पला देतो.

एवढं करूनही अ‍ॅम्प बदलायचाच असेल, तर १०० वॉटचा आग्रह सोडा. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. तुमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटला तो किती मोठा वाजतो तो आकडा, ८७ डेसिबल धरू. ती १ वॉटला, १ मीटरवर मोजलेली असते. ३ मीटरवर बसलात तर साडेनऊ डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर मिळून ३ आणि भिंतींच्या परावर्तनाने आणखी ३ च्या आसपास परत मिळतात. म्हणजे एका वॉटला जवळपास ८३ ते ८४ डेसिबल. तबल्याच्या कडक थापेचं शिखर ९८ डेसिबलपर्यंत जावं, म्हणजे घरात पुरेसं मोठं, असं धरलं तरी लागतात २५ ते ३० वॉट. तुमच्या खोलीला ४० ते ६० प्रामाणिक वॉट पोटभर आहेत.

'प्रामाणिक' हा शब्द मुद्दाम वापरला. पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीतला फुगवलेला क्षणिक वॉटचा आकडा, सरळ सोडून द्या. आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या वॉटच्या, आकड्यातही तीन गोष्टी बघा : दोन्ही चॅनल एकदम चालवून मोजला का, २० ते २०,००० हर्ट्झ अशा पूर्ण पट्ट्यात मोजला का, आणि ८ ओमला मोजला का. '६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल' असं बारीक अक्षरात असेल तर तो आकडा तुलनेला घेऊ नका. ८ आणि ४ ओमचे आकडे शेजारी ठेवून बघा. मॅरँट्झ पीएम ६००७ ला ८ ओमला ४५ आणि ४ ओमला ६० वॉट दिलेत. डेनॉन पीएमए-६००एनईला ४५ आणि ७०. ४ ओमचा आकडा जितका वर जातो तितका पॉवर सप्लाय करंट पुरवायला सक्षम. ८ ओम लिहिलेल्या स्पीकरचा इम्पीडन्स (करंटला होणारा ओममधला विरोध) काही फ्रीक्वेन्सींना बराच खाली उतरतो, तिथे हाच करंट कामाला येतो आणि डग्ग्याचा घुमारा सैल पडत नाही. १९७८ च्या एनएडी ३०२० वर फक्त २० वॉट लिहिलेले होते, तरी तो अवघड स्पीकर सांभाळायचा, तो याच गुणावर.

शेवटी निवड कानाने करा, पण आवाजाची पातळी सारखी करून. किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प कायम सरस वाटतो आणि दुकानात नेमकं तेच होतं. १०० हर्ट्झचा टोन वाजवून स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही अ‍ॅम्प एक टक्क्याच्या आत आणा. शक्य असेल तर स्वतःचे स्पीकर घेऊन जा. आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात किंवा निदान जवळ आहे का, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. आमच्या मते तो वॉटच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्न : घरात सत्तरच्या दशकातला रेकॉर्ड प्लेयर आहे, नाट्यसंगीताच्या एलपी आणि काही ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्याही. नव्या अ‍ॅम्पवर 'फोनो' लिहिलेलं हवंच का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, कुठलं आहे ते पाहा. त्या काळातल्या बऱ्याच घरगुती प्लेयरना सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. सुईच्या बाजूला छोटा खटका असतो, तो फिरवला की एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची सुई येते. अशा कार्ट्रिजमधून शेकडो मिलिव्होल्ट निघतात. ते फोनोला लावलं तर आवाज फाटतो आणि खर्ज अंगावर येतो. ते ऑक्सला, म्हणजे साध्या लाइन इनपुटला, लावायचं. पण सिरॅमिकला समोर साधारण १ मेगोहम लागतो आणि आजच्या ऑक्स इनपुटचा इम्पीडन्स १० ते ५० किलोहमच असतो, त्यामुळे खर्ज गळून आवाज पातळ होतो. मध्ये एक एफईटी बफर (ट्रान्झिस्टरचं छोटं मध्यस्थ सर्किट) लावला की हे सुटतं. कुठलाही चांगला मेकॅनिक तो छोट्या बोर्डावर बांधून देईल.

मॅग्नेटिक, म्हणजे एमएम कार्ट्रिज असेल तर त्यातून फक्त ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात. त्याला ४७ किलोहमचा फोनो इनपुट लागतोच. रेकॉर्डवर खर्ज दाबून आणि वरचे स्वर उचलून कोरलेले असतात, आणि फोनो स्टेज आरआयएए या ठरलेल्या मानकाच्या वक्राने ते पुन्हा समतोल करते. अ‍ॅम्पमध्ये फोनो नसेल तर वेगळा छोटा फोनो प्रीअ‍ॅम्प घेऊन तो ऑक्सला जोडता येतो, तेवढ्यासाठी आवडलेला अ‍ॅम्प सोडू नका. प्लेयरची बारीक अर्थ वायर अ‍ॅम्पच्या 'जीएनडी' स्क्रूला बांधायला विसरू नका, नाहीतर गुणगुण येईल.

सिरॅमिकचं वजन रेकॉर्डवर ४ ते ६ ग्रॅम पडतं, एमएमचं दीड ते अडीच. एलपी जपायच्या असतील तर अ‍ॅम्पच्या बरोबरीने प्लेयरही बदला. ७८ साठी मात्र एलपीची सुई कधीही लावू नका. तिचं टोक १८ मायक्रॉनच्या आसपास असतं, ७८ च्या रुंद खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर वाजवते.

प्रश्न : टीव्हीचा आवाजही गाण्याच्याच स्पीकरमधून हवा आहे. एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमासाठीचा अनेक स्पीकरचा अ‍ॅम्प) घ्यावा की स्टीरिओ अ‍ॅम्प? मित्राने ऑप्टिकल केबल लावली, तर काहीच वाजत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मित्राच्या टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा डिजिटल आवाज) करा. 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' असेल तर टीव्ही डॉल्बीचा प्रवाह पाठवतो आणि स्टीरिओ अ‍ॅम्पमधल्या डॅकला (डिजिटलचं अ‍ॅनलॉग करणाऱ्या भागाला) तो उलगडता येत नाही. केबलच्या टोकावरचं प्लॅस्टिकचं टोपण काढलंय का, तेही पाहा. ते राहून जाणं फार सर्रास आहे.

दोनच स्पीकर असतील आणि पुढे पाच करायचा विचार नसेल, तर स्टीरिओ अ‍ॅम्पच घ्या. त्याच किमतीत रिसीव्हरचे पैसे सात चॅनल, व्हिडिओ सर्किट आणि परवाने यांत वाटले जातात. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच अ‍ॅम्पला देणारी सोय) असलेला स्टीरिओ अ‍ॅम्प मिळाला तर उत्तम, मग टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. केबल टीव्हीची किंवा डिशची वायर जोडल्यावर गुणगुण सुरू झाली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडली गेल्याने फिरणारा करंट, आहे. ऑप्टिकल केबलमध्ये तांबं नसतं, तिथे तो आपोआप तुटतो. थ्री-पिनची अर्थ पिन काढून गुणगुण थांबवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारे तळहाताएवढे '३०० वॉट'चे क्लास-डी अ‍ॅम्प खरंच चालतात का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालतात, आणि काही फार छान वाजतात. पण पेटीवरचा आकडा चिपचा असतो. खरे वॉट सोबतचा अ‍ॅडॉप्टर ठरवतो. हे अ‍ॅम्प ब्रिज पद्धतीचे असतात, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं अ‍ॅम्पच चालवतो. त्यांचा हिशोब असा : अ‍ॅडॉप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्ट आणि ८ ओम असेल तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॉट. प्रत्यक्षात थोडे कमी. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावलात तर जेमतेम २२. पुढे करंट बघा : ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे सगळे मिळून १६० वॉट. दोन चॅनलना १५०-१५० त्यातून येणार कुठून?

एक सावधगिरी कटाक्षाने पाळा. या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, त्यावरही सिग्नल असतो. दोन्ही बाजूंची काळी टोकं एकत्र जोडली, किंवा काळं टोक चेसिसला टेकलं, तर चिप जाते. जुन्या घरांत दोन स्पीकरना मिळून तीनच वायरी भिंतीतून नेलेल्या असतात. तिथे हा अ‍ॅम्प लावण्याआधी चौथी वायर ओढा.

प्रश्न : न्यू जर्सीहून कायमचे परत येतो आहोत. तिथला अ‍ॅम्प आणावा का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : मागच्या बाजूला १२०/२३० व्होल्टचा खटका असेल तर जरूर आणा. प्लग लावण्याआधी खटका फिरवा आणि फ्यूज मॅन्युअलमध्ये २३० व्होल्टसाठी लिहिलेल्या क्षमतेचा, साधारण निम्म्या अँपिअरचा, घाला. फक्त '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. अ‍ॅम्पच्या कमाल वापराच्या दीडपट तरी व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) घ्या. २५० वॉट खाणाऱ्या अ‍ॅम्पला ४०० ते ५०० व्हीए. तो व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ मात्र ५० च राहतात. केवळ ६० हर्ट्झसाठी काटेकोर बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात मग २० टक्के जास्त चुंबकीय भार येतो, तो गुणगुणतो आणि तापतो. पहिल्या दिवशी तासभर नुसता चालू ठेवून झाकणाला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर तो अ‍ॅम्प तिकडेच विकून येणं बरं होतं.

प्रश्न : मीटरला हजारो रुपयांची स्पीकर वायर घेऊ का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. ८ ओमच्या स्पीकरला ५ मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर पुरते. जाऊन-येऊन १० मीटरचा रोध ०.१२ ओमच भरतो. ४ ओमचे स्पीकर किंवा जास्त अंतर असेल तर अडीचची घ्या. टोक चाकूने खरवडून पाहा. आत पांढरा धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, ते परत करा. कोकणातल्या दमट हवेत उघडी टोकं काळी-हिरवी पडतात. दर पावसाळ्यानंतर अर्धा इंच कापून ताजं तांबं काढा आणि स्क्रू पुन्हा आवळा.