आप्पांच्या चहातली गोळी पुढे कुठे जाते?

प्रश्न : मॅडम, माझ्या सासऱ्यांना चौदा वर्षांपासून शुगर आहे. चहात साखरेऐवजी ते डबीतली गोड गोळी टाकतात, दिवसाला चार तरी होतात. माझा मुलगा बारावीला आहे. तो म्हणतो, ही गोळी शरीरात संपत नाही, नदीत जाते आणि तिच्यामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात. गोदावरी आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. हे खरं आहे का? आप्पांच्या गोळ्या बंद करू का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. वजन आटोक्यात ठेवायला असे गोडवे वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं खरं, पण ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना त्या शिफारशीतून वगळलं आहे. गोळी गेली आणि चहात पुन्हा दोन चमचे साखर आली, तर आप्पांचं नुकसान आजच होईल.

मुलाचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. डबी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ॲस्पार्टेम लिहिलं असेल तर ते आतड्यातच फुटतं. सुक्रालोज असेल तर गोष्ट वेगळी. ते साखरेपासूनच बनवतात. साखरेच्या रेणूवरचे तीन हायड्रॉक्सिल गट काढायचे आणि तिथं क्लोरिनचे तीन अणू बसवायचे. एवढ्यानं ते साखरेच्या सुमारे ६०० पट गोड होतं, पण आपली पाचक विकरं त्याला हात लावत नाहीत. पोटात गेलेल्यापैकी साधारण ८५ टक्के शोषलंच जात नाही, शौचावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. शोषलेल्यातलंही बरंचसं लघवीतून जातं.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मी एक प्रयोग हमखास करून घ्यायचे. एका परीक्षानळीत साखरेचं पाणी, दुसरीत शुद्ध सुक्रालोजचं, दोन्हींत चिमूटभर यीस्ट आणि आत बोटाच्या पेराएवढी एक उलटी नळी. सकाळी प्रयोगशाळा उघडली की साखरेच्या नळीला आंबूस वास, आतली छोटी नळी वायूनं भरून वर तरंगलेली. सुक्रालोजची नळी रात्री ठेवली तशीच, यीस्ट तळाशी गप्प बसलेलं. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपण पचवत नाही, यीस्टही खात नाही, मग हे जातं कुठे?" बाकीची मुलं वहीत निष्कर्ष लिहून मोकळी झाली होती. खरा प्रश्न तिनं विचारला होता.

ते गटारात जातं आणि गटारातून तपोवनासारख्या मलजलशुद्धीकरण केंद्रात. तिथं घाण खायचं काम जीवाणूच करतात. जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की अशा केंद्रांत सॅकरिन आणि सायक्लामेट हे गोडवे बहुतांशी नाहीसे होतात, पण सुक्रालोज आणि ॲसेसल्फेम नावाचा आणखी एक गोडवा बरेचसे टिकून पुढे नदीत जातात.

आता जंतूंचं. गोडवा त्यांना ताबडतोब मारत नाही, ते तो खातही नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी असंच आम्ही बरीच वर्षं धरून चाललो. मीही वर्गात तसंच शिकवलं, आणि ते अपुरं होतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या गटानं २०२१ मध्ये सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम आणि ॲसेसल्फेम हे चारही गोडवे तपासले. जीवाणूंमध्ये प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असतात. औषधाला दाद न देण्याची युक्ती बऱ्याचदा त्या कड्यावर असते आणि एक जीवाणू ते कडं शेजाऱ्याला देऊ शकतो. गोडव्यांच्या सान्निध्यात ही देवघेव वाढली. कारण असं, की पेशीवर ताण येतो, आत ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार होतात आणि पेशीचं आवरण झिरपू लागतं.

घाटाच्या खालच्या पायरीवर पाय घसरतो तो बुळबुळीत थर आठवा. त्यात लाखो जीवाणू एकमेकांना चिकटून असतात. गटाराच्या पाइपातही आतून तसाच थर. तिथं आपल्या आतड्यातले जंतू, लघवीतून गेलेलं अँटिबायोटिक आणि हा गोडवा एकत्र येतात. मला काळजी वाटते ती या जागेची. प्रयोगशाळेतली नळी म्हणजे नदी नव्हे, नदीत हे पदार्थ लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असतात, हेही मुलाला सांगा. पण ते रोज येत राहतात, एका घरातून नाही, सगळ्या शहरातून.

परिणाम एकाच दिशेचा नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पाणथळ जागेतल्या नमुन्यांत सुक्रालोज घालून पाहिलं, तेव्हा गोड्या पाण्यात नीलहरित जीवाणू वाढले. ते वाढले की पाण्यावर हिरवा तवंग येतो. उलट लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात २०२३ मध्ये ॲसेसल्फेमनं रुग्णालयात सापडणाऱ्या काही चिवट जंतूंची वाढ रोखली. आणि ज्याला कुणी तोडू शकत नाही असं आम्ही शिकवायचो, त्या ॲसेसल्फेमवर जगणारे बोसिया आणि केलॅटोकॉकस गटातले जीवाणू पुढे सांडपाण्यातच मिळाले. माणसाच्या नव्या रसायनाला जीवाणूंनी काही दशकांत तोंडी लावलं! हे वाचलं त्या दिवशी मी त्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला होता.

तुमच्या हातात आहे ते एवढं. आप्पांची गोळी चालू ठेवा, पण घरातल्या धडधाकट माणसांनी डाएट पेयांची सवय लावून घेऊ नये. अँटिबायोटिकचा कोर्स डॉक्टरांनी सांगितला तसाच घ्या आणि उरलेलं औषध बेसिनमध्ये कधीही ओतू नका. गोडव्यापेक्षा ते कितीतरी पटीनं वाईट. आणि डबीवर नेमकं काय लिहिलं आहे ते मुलाला वाचायला लावून मला कळवा. सुक्रालोज असेल तर त्याला नळ्यांचा प्रयोग कसा मांडायचा ते मी लिहून पाठवीन.