स्पेसिफिकेशन मिळालं, पण कोणत्या रिव्हिजनचं?

प्रश्न : आमच्या बांधकाम कंपनीत प्रकल्प क्रमांक आणि सेक्शन नंबर दिला की स्पेसिफिकेशनचं (कामाच्या तांत्रिक अटींचं) रेकॉर्ड आणून देणारं एपीआय टूल, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय, तयार झालं आहे. साइटवरचं मोबाइल अ‍ॅप, बिलिंग विभाग आणि आता एआय सहायकही ते वापरणार आहे. त्याचं डॉक्युमेंटेशन कुठून सुरू करावं आणि त्यात काय चुकू नये?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पहिल्या दोन ओळींत टूल काय देतं आणि काय देत नाही, हे लिहा. ‘एका प्रकल्पातल्या स्पेसिफिकेशन सेक्शनचा मजकूर आणि रिव्हिजन देतं, ड्रॉइंग, दरपत्रक आणि मोजमाप देत नाही.’ एआय सहायक कोणतं टूल कधी वापरायचं हे या वर्णनावरूनच ठरवतो. वर्णन मोघम असेल तर सळईचं वजन विचारल्यावरही तो इथेच येऊन शोधेल.

मग इनपुट. प्रत्येकाचं नाव, प्रकार, सक्तीचं की ऐच्छिक, आणि एक खरं वाटेल असं उदाहरण. सगळ्यात जास्त घोळ सेक्शन नंबरात होतो. मास्टरफॉरमॅट या, स्पेसिफिकेशनला विषयवार नंबर देण्याच्या पद्धतीत जागेवर ओतायच्या काँक्रीटचा नंबर ०३ ३० ०० असा असतो. दिसतो आकडा, पण तो मजकूर म्हणूनच पाठवायला हवा. संख्या म्हणून पाठवला, किंवा एक्सेलमधून जाताना त्याची संख्या झाली, की पुढचं शून्य गळतं, ३३००० उरतात आणि रेकॉर्ड सापडत नाही. मधल्या जागा ठेवायच्या की काढायच्या, तेही स्पष्ट लिहा. मागणीच्या वेब पत्त्यात (यूआरएल) जागा तशीच जात नाही, तिचं एन्कोडिंग करावं लागतं, म्हणजे तिच्याऐवजी ठरलेलं चिन्ह घालावं लागतं. आणखी एक : साइटवर अनेकांच्या फोनचा कीबोर्ड मराठी असतो. आम्ही इथे छापलेत तसे देवनागरी अंक सर्व्हरला कळत नसतील, तर अंक इंग्रजीच हवेत हे इनपुटच्या ओळीतच सांगा.

आता उत्तराचा नमुना. तो अर्धवट देऊ नका, पूर्ण रेकॉर्ड छापा : सेक्शन नंबर, शीर्षक, रिव्हिजन, लागू झाल्याची तारीख, स्थिती, मजकूर, मूळ पीडीएफचा दुवा. यात रिव्हिजन आणि स्थिती ही दोन फील्डं आमच्या मते सगळ्यांत मोलाची. समजा, रिव्हिजन २ मध्ये स्लॅबचं क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं) ७ दिवस होतं आणि रिव्हिजन ३ मध्ये १० दिवस केलं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ : २००० यानुसार साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला किमान ७ दिवस चालतात, पण कोरड्या, उष्ण हवेत १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही; आणि सोलापूरचा उन्हाळा कोरडा, उष्णच. टूलने जुनं रिव्हिजन दिलं तर सुपरवायझर आठव्या दिवशी पाणी बंद करेल. त्याच्या स्क्रीनवर सगळं बरोबरच दिसत असेल.

म्हणून रिव्हिजन न सांगता मागणी केली तर काय मिळतं, हे ठळक अक्षरांत लिहा : सध्या लागू असलेलं, शेवटचं अपलोड केलेलं, की सगळी? शेवटचं अपलोड केलेलं हा मसुदाही असू शकतो. स्थितीच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ द्या : लागू, रद्द, मसुदा. एआय सहायकासाठी जास्तीची एक सूचना लागते : उत्तरात सेक्शन नंबर आणि रिव्हिजन सांगावं, आणि रेकॉर्ड नसेल तर ‘सापडलं नाही’ एवढंच म्हणावं, स्वतःच्या माहितीतून भर घालू नये.

प्रश्न : रेकॉर्ड नसेल तर सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही) हा कोड द्यायचा की २०० (मागणी यशस्वी) आणि रिकामी यादी? आमच्यात वाद चालू आहे.
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : दोन्ही बरोबर, जागा वेगळ्या. शब्द टाकून शोध घेतला आणि काही जुळलं नाही, तर २०० आणि रिकामी यादी. ठरावीक आयडीचं एकच रेकॉर्ड मागितलं आणि ते नाही, तर ४०४. डॉक्युमेंटेशनमध्ये मात्र कोडचा नुसता अर्थ देऊन थांबू नका, वापरणाऱ्याने पुढे काय करायचं तेही लिहा. ४०१ म्हणजे टोकन (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) चुकलं किंवा संपलं, नवीन घ्या. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण त्या प्रकल्पाची परवानगी नाही, अ‍ॅडमिनला सांगा. ४२९ म्हणजे मागण्या फार झाल्या. सर्व्हर उत्तरासोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर (किती वेळ थांबायचं ते सांगणारी ओळ) देत असेल तर तेवढा वेळ थांबून पुन्हा मागा.

रिकाम्या यादीचा अर्थ खास लिहायला हवा, कारण साइटवर तिचा अर्थ ‘अशी अटच नाही’ असा घेतला जातो. आपल्याकडच्या काळ्या मातीत, ती फुगते-आकसते म्हणून, अंडर-रीम्ड पाइल (खालच्या बाजूला फुगीर केलेले पायाचे खांब) घेतात. मूळ मजकुरात शब्द मधल्या रेघेसह असेल आणि कुणी रेघेविना शोधला, तर अक्षरशः जुळवणाऱ्या टूलकडून यादी रिकामीच येणार. शोध अक्षरशः होतो की सैल, हे सांगा, आणि दोन्ही रूपांची उदाहरणं द्या.

प्रश्न : प्रकल्पात १३२ सेक्शन आहेत, पण टूलमधून ५०च येतात. एरर नाही.
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : यादी एकदम न येता पानापानांनी येतेय. एका पानावर ५० ही मर्यादा असेल तर तीन मागण्या कराव्या लागतील : ५०, ५० आणि ३२. डॉक्युमेंटेशनमध्ये पानाची मर्यादा, एकूण संख्या कुठे दिसते आणि शेवटचं पान कसं ओळखायचं, या तिन्ही गोष्टी हव्यात. क्रमही ठरलेला असू द्या, नाहीतर मधेच नवीन सेक्शन चढला तर एखादं रेकॉर्ड दोनदा येतं आणि एखादं गळतं.

प्रश्न : रिव्हिजन १ एप्रिलपासून लागू आहे, टूल ३१ मार्च दाखवतं. बग कुठे आहे?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : बहुतेक वेळेच्या पट्ट्यात. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलची मध्यरात्र सर्व्हरवर ३१ मार्च, १८:३० अशी साठते, आणि अ‍ॅपने वेळ टाकून नुसती तारीख कापून घेतली की एक दिवस मागे जातो. लागू तारखेला वेळ नकोच. ते फील्ड नुसत्या तारखेचं ठेवा. ते बदलता येत नसेल तर ‘वेळ यूटीसीत आहे, आधी भारतीय वेळेत बदला, मग तारीख घ्या’ ही ओळ त्या फील्डच्या शेजारीच लिहा. पान उलटून तळटीप कुणी वाचत नाही.