चिनी वैद्याने दिलेला झोपेचा काढा घरी कसा उकळायचा, आणि बीपीच्या गोळ्यांसोबत तो चालतो का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: आई सिंगापूरला तुमच्याकडे आल्या आहेत, रात्री दोन-तीनला जाग येते ती येतेच. टीसीएम (पारंपरिक चिनी वैद्यक) दवाखान्यातून सात दिवसांच्या सात कागदी पुड्या आणल्यात. चिठ्ठीवर स्वानझाओरन (चिनी रानबोराच्या बिया) 15 ग्रॅम, फूलिंग 12, झीमू (एक मूळ) 9, छ्वानश्योंग 6 आणि गानत्साओ 6. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी.

आधी गोळ्यांचं बघू, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत गॅस पेटवायचाच नाही. गानत्साओ म्हणजे चिनी ज्येष्ठमध. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनीही पोटॅशियम उतरतं. दोन्ही एकदम, रोज आणि आठवडेच्या आठवडे घेतलं तर बीपी चढतो, पायाला सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि पोटॅशियम फारच घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून गोळ्यांच्या स्ट्रिप्स घेऊन त्याच वैद्यांकडे परत जा आणि गानत्साओ वगळता येईल का किंवा कमी करता येईल का, ते विचारा. काढ्याची चिठ्ठी बीपीच्या डॉक्टरांनाही दाखवा. हा काढा सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या चांग चोंगचिंग या वैद्याच्या ग्रंथातला आहे आणि मूळ पाठात गानत्साओ इतर मुळांच्या निम्मंच आहे. मुख्य औषध स्वानझाओरन. त्यामुळे गानत्साओ काढलं तर फारसं बिघडत नाही.

‘गोळी आणि काढा यांत दोन तासांचं अंतर ठेवा’ असं सगळेच सांगतात. ठेवा, पण त्याने फक्त दोन्ही पोटात एकत्र येणं टळतं. पोटॅशियमचा प्रश्न अंतराने सुटत नाही. झोपेची किंवा ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, गुंगी वाढू शकते. वॉरफरीन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने छ्वानश्योंग किंवा दांगग्वेई (आणखी एक चिनी मूळ) असलेला काढा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी, तपासल्याशिवाय सुरू करू नये.

आता पुडी. एक पुडी पांढऱ्या कागदावर पसरा. फूलिंग म्हणजे पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, तिचे पांढरे खडूसारखे तुकडे असतात. छ्वानश्योंगच्या चकत्यांच्या कडा फुलपाखराच्या पंखांसारख्या वेड्यावाकड्या आणि वास उग्र. गानत्साओच्या पिवळ्या, रेषाळ चकत्या चावल्या की गोड लागतात. स्वानझाओरन मात्र नीट बघाच, कारण ते महाग आहे आणि त्यात भेसळ होते. खऱ्या बिया चपट्या, जांभळट-तांबड्या किंवा जांभळट-तपकिरी असतात आणि एका बाजूला मधोमध उभा कंगोरा असतो. पिवळट-तपकिरी, गुळगुळीत आणि कंगोरा नसलेल्या दिसल्या तर त्या बहुधा आपल्याकडच्या बोराच्या जातीच्या बिया. विषारी नाहीत, पण पैसे कशाचे मोजले ते दुकानदाराला विचारायला हरकत नाही. अख्ख्या बिया असतील तर खलबत्त्यात नुसत्या फोडून घ्या. वरचं साल टणक असतं, न फोडता उकळल्या तर आतलं फारसं उतरत नाही. पूड मात्र करू नका, काढा गढूळ होतो आणि तळाला लागतो.

भांडं मातीचं, काचेचं, इनॅमलचं किंवा स्टीलचं. लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, वनस्पतींतल्या टॅनिनशी त्यांची प्रक्रिया होते. कुकरही नको. पुडी एकदाच पाण्याने पटकन विसळा, मग औषधांच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येईल इतकं थंड पाणी घालून अर्धा तास भिजत ठेवा. इतक्या वजनाला साधारण 600 मिली लागतं. सुरुवातीलाच गरम पाणी ओतलं तर फूलिंगसारख्या घट्ट तुकड्यांच्या आतपर्यंत पाणी पोहोचत नाही. मोठ्या आचेवर उकळी आणा, मग बारीक आचेवर झाकण किंचित उघडं ठेवून अर्धा तास. साधारण 200 मिली उरलं की गरम असतानाच गाळा आणि चोथा दाबून घ्या. त्याच चोथ्यात 400 मिली पाणी घालून पुन्हा वीस मिनिटं उकळा आणि गाळा. दोन्ही वेळचा गाळलेला काढा एकत्र करून दोन सारखे भाग करा. दोन वेळा वेगळं पिऊ नका, पहिला काढा दाट आणि दुसरा पातळ निघतो.

मध्येच पाणी आटलं तर गरम पाणी घाला. तळ करपला तर मात्र सगळं फेकून द्या, पाणी घालून वाचवायला जाऊ नका.

पुडीत लहान पिशवी किंवा वेगळा कागद असेल तर त्यावरची सूचना विचारल्याशिवाय सगळं एकत्र टाकू नका. शिंपले आणि जिप्समसारखी खनिजं आधी उकळतात. पुदिन्यासारखी सुवासिक पानं शेवटच्या पाच मिनिटांत पडतात. इसबगोलाच्या कुळातल्या छच्येनझच्या बिया फडक्यात बांधतात, नाहीतर त्यांचा चिकट लगदा तळाला बसतो. फूझ म्हणजे विष कमी करण्यासाठी प्रक्रिया केलेला बचनाग. तो आधी वेगळा बराच वेळ उकळावा लागतो, कमी उकळला तर ओठ-जीभ बधिर होऊन हृदयावर बेतू शकतं. तुमच्या चिठ्ठीत तो नाही. पुढच्या चिठ्ठीत आला तर मी घरी उकळण्याच्या भानगडीत पडणार नाही.

एक भाग रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, दुसरा झोपण्यापूर्वी अर्धा तास, दोन्ही कोमट. उरलेला फ्रिजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, त्यापुढे ठेवू नका. झोपेच्या गोळीसारखा पहिल्या रात्री परिणाम दिसेल असं धरू नका. आठवड्या-दोन आठवड्यांनी परत दाखवायचं आणि प्रमाण बदलून घ्यायचं, ही रीत आहे. या काढ्यावर चाचण्या झाल्या आहेत, पण बऱ्याचशा लहान आणि कच्च्या आहेत, तेव्हा ‘हमखास’ म्हणणाऱ्यापासून सावध. झीमू चिनी हिशेबाने थंड. जुलाब सुरू झाले तर ते कमी करून मागा.

अंगावर पुरळ, डोळे पिवळे, लघवी गडद, धडधड किंवा पायाला सूज, यातलं काहीही दिसलं तर काढा थांबवा आणि चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. चिठ्ठी चिनी लिपीतल्या नावांसह जपा. बेल्जियममध्ये 1990 नंतरच्या काळात वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांगजी या चिनी औषधी मुळाच्या जागी मिळत्याजुळत्या नावाची ग्वांगफांगजी गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. उच्चाराने लिहिलेल्या नावावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

आई शाकाहारी असतील तर ते वैद्यांना आजच सांगा. या पाचांत प्राणिज काही नाही, पण पुढच्या चिठ्ठीत अच्याओ म्हणजे गाढवाच्या कातड्याचा डिंक, कालवांचे शिंपले किंवा गांडूळ सहज येऊ शकतं आणि न सांगता कुणी वगळत नाही.

वैद्यांची नोंदणी सिंगापूरच्या टीसीएम प्रॅक्टिशनर्स बोर्डाच्या ऑनलाइन यादीत नावावरून मिनिटभरात तपासता येते. सात पुड्या संपल्यावर त्याच चिठ्ठीवर दुकानातून आणखी सात आणू नका, गानत्साओ असेल तर मुळीच नाही. आधी बीपी मोजा, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर पोटॅशियमही बघून घ्या.