जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल ग्राउंड नक्की कुठलं?

प्रश्न: कोणी इंग्लंडमधल्या शेफिल्डचं सँडीगेट सांगतं, कोणी मेडनहेडचं यॉर्क रोड. खरं कुठलं?

उत्तर: दोन्ही खरं आहे, फक्त मान वेगवेगळे आहेत. सँडीगेटवर 26 डिसेंबर 1860 ला हॅलम आणि शेफिल्ड एफसी हे दोन क्लब खेळले, म्हणजे वयाने तेच मोठं. पण एकच क्लब एकाच ग्राउंडवर इतकी वर्षं सलग, हा मान यॉर्क रोडचा, आणि मला विचाराल तर हाच जास्त भारी आहे, कारण क्लब जागा बदलतात, जमिनी विकल्या जातात, आणि लंडनच्या पश्चिमेचं, थेम्सकाठचं हे मेडनहेड मात्र 1871 पासून तिथंच खेळतंय.

आधी यॉर्क रोड हे क्रिकेटचं मैदान होतं. 16 फेब्रुवारी 1871 ला तिथं पहिली फुटबॉल मॅच झाली, समोर शेजारचं मार्लो. त्याच वर्षी एफए कप ही इंग्लंडमधली क्लबांची स्पर्धा सुरू झाली, त्यात उतरलेल्या पहिल्या 15 क्लबांत मेडनहेड होता, आणि पहिल्या राउंडला परत मार्लोच आले, त्यांना 2-0 नं हरवलं! पुढे गावातला दुसरा क्लब यात विलीन झाला आणि 1920 ला मेडनहेड युनायटेड हे नाव आलं. 1936 ला अमॅच्युअर कपच्या, म्हणजे हौशी क्लबांच्या स्पर्धेच्या एका मॅचला जवळजवळ 8000 लोक आले होते, एवढ्याशा जागेत, विचार करा.

ग्राउंड स्टेशनला अगदी लागून आहे, मॅच चालू असताना बाजूनं गाड्या धडधडत जातात. क्लब दुसरीकडे हलवायची चर्चा अधूनमधून होते, ती जागा सोडू नये असं मनापासून वाटतं.