कंपनीच्या सीएसआर (नफ्यातून सामाजिक कामावर करायचा खर्च) मदतीने वस्तीतल्या मुलांच्या खेळात खरंच फरक पडतो का? आमच्या मंडळाने काय मागावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी तुमचं क्रीडा मंडळ आहे, शेजारच्या एमआयडीसीतली एक कंपनी मदतीला तयार आहे आणि "काय पाहिजे ते सांगा" म्हणून तिने चेंडू तुमच्याकडे टोलवलाय. मी नागपुरात बारा वर्षांपासून एका वस्तीच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉल घेतो. पोटासाठी नोकरी वेगळी आहे. त्यामुळे उत्तर मैदानावरचंच मिळेल.

फरक पडतो, पण पैसा कशावर जातो त्यावर सगळं आहे. एकच मागणी करायची असेल तर रोज संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या माणसाचं मानधन मागा. जर्सी, बूट, ट्रॉफ्या त्यानंतर.

हे शहाणपण आम्हाला फजितीतून आलं. एका वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक मोठी कंपनी आली (नाव घेत नाही). आर्थिक वर्ष संपत आलेलं, पैसे खर्ची टाकायचे होते. पोरांच्या परीक्षा तोंडावर आहेत, एप्रिलमध्ये करू, म्हटलं तर एप्रिल चालणार नव्हता. एका दिवसाची स्पर्धा झाली. डीजे, ड्रोन, दोनशे ट्रॅकसूट. सगळे एक्सेल मापाचे, आणि आमचा सर्वांत थोराड पोट्टा चौदा वर्षांचा! पुढे पावसाळ्यात वस्तीतले बाप ती जॅकेटं घालून कामावर जाताना दिसायचे, तेवढाच उपयोग. संध्याकाळी पाहुणे गेले, मागोमाग मांडववाला आला आणि खुर्च्यांबरोबर गोलपोस्टही टेम्पोत टाकून घेऊन गेला. ते भाड्याचे होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी पोरं आली, नेहमीसारख्या दोन-दोन चपला ठेवून गोल केले आणि एकाने विचारलं, "सर, ते लोक आता कधी येनार?"

आले नाहीत. कंपनीच्या अहवालात मात्र आमच्या पोरांचा छान फोटो होता, खाली "२०० लाभार्थी".

नंतर एका सीए मित्राने नियम समजावले, ते तुम्हीही समजून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कोणती कामं यात चालतात त्याची यादी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे. तिच्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळ यांचं प्रशिक्षण आहे. शब्द "प्रशिक्षण" आहे, स्पर्धा नाही. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येणार नाहीत, असं केंद्राने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलंय. मालाची जाहिरात साधण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्वही यात बसत नाही. म्हणजे आमच्याकडची ती ड्रोनवाली जत्रा मुळात त्या खात्यात पडायलाच नको होती.

आणखी एक. "पगारासाठी पैसे देता येत नाहीत, प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे," असं कंपनीचा माणूस हमखास सांगेल. बिचारा खोटं बोलत नसतो, त्याला तसंच माहीत असतं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवायला थेट लागणारा खर्च त्यात येत नाही, आणि प्रशिक्षण हाच प्रकल्प असेल तर प्रशिक्षकाचं मानधन हा थेट खर्च. नियमाची प्रत समोर ठेवून बोला, आवाज न चढवता.

आम्हाला खरा हात दिला तो कळमन्याच्या एका डाळ मिलवाल्याने. त्याला सीएसआर लागूही होत नाही. तो सहा वर्षांपासून दोन प्रशिक्षकांचं मानधन दर महिन्याच्या सात तारखेला देतो, बस्स. त्या दोघांत एक मुलगी आहे, आमच्याच मैदानावर वाढलेली. ती येईपर्यंत आमच्याकडे चार मुली होत्या. तिने पहिल्या आठवड्यात फुटबॉल शिकवलाच नाही. घरोघरी जाऊन आयांशी बोलली, खेळ साडेसहाला संपेल आणि मी स्वतः दारापर्यंत सोडीन असा शब्द दिला. पुढे शेजारच्या मनपा शाळेने संध्याकाळी स्वच्छतागृह उघडं ठेवायचं कबूल केलं. वर्षभरात मुली एकवीस झाल्या. त्यातल्या एकीचं लग्न दहावीनंतर लगेच ठरत होतं, ते तिच्या आईनेच दोन वर्षं पुढे ढकललं. फुटबॉलमुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण ती आई रोज सहाला मैदानाच्या कडेला येऊन बसायची, एवढं खरं.

नागपूरचा विषय निघालाच आहे तर विजय बारसे सरांबद्दल सांगतो. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक असताना २००१ साली त्यांनी पावसात काही पोरांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि चेंडू दिला. पुढे अमिताभ बच्चनने पडद्यावर त्यांच्यावर बेतलेली भूमिका केली, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. लोक विसरतात ते मधलं. सरांच्या स्लम सॉकर या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला २०१६ मध्ये, बादलीनंतर १५ वर्षांनी. या संस्थेमार्फत भारताचा संघ होमलेस वर्ल्ड कपला, म्हणजे बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाला जातो. ती स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला सुरू झाली आणि तिचा एक नियम मला फार आवडतो. खेळाडू आयुष्यात एकदाच खेळू शकतो. पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याची. परत आलेल्याने मग करायचं काय? शिकवायचं. म्हणून तिथे खेळाडूंमधूनच प्रशिक्षक तयार होत जातात.

दुसरं उदाहरण केनियाचं. नैरोबीत माथारे ही मोठी झोपडपट्टी आहे, तिथे १९८७ मध्ये बॉब मनरो या कॅनडाच्या माणसाने मुलांची लीग सुरू केली. अट अशी की संघाने सामने खेळायचे आणि वस्तीतला कचराही उचलायचा, तुंबलेली गटारं मोकळी करायची. सामना जिंकल्याचे गुण मिळतात तसे सफाईचेही मिळतात आणि गुणतक्त्यात दोन्ही धरले जातात. म्हणजे मैदानावर मार खाणारा संघ फावडं चालवून वर येऊ शकतो! याच लीगमधून उभा राहिलेला माथारे युनायटेड २००८ मध्ये केनियाची प्रीमियर लीग जिंकला. नॉर्वेतून त्यांना मदत येत राहिली, पण कचऱ्याच्या गुणांची युक्ती लीगची स्वतःची. तुमच्या गावात कचऱ्याऐवजी दुसरं काही असेल. आम्ही शाळेतल्या हजेरीला गुण देऊन पाहिले. दोन महिने बरं चाललं, मग पोरांनी मास्तरांच्या खोट्या सह्या आणायला सुरुवात केली. सोडून दिलं.

आता कागदपत्रं, कारण बहुतेक मंडळांचं घोडं इथेच अडतं. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं हवं, आयकर खात्याची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) मान्यता हवी आणि केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेतलेला हवा. अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्वेतिहासही दाखवावा लागतो, तेव्हा जुन्या हजेरीवह्या रद्दीत घालू नका. करार एका वर्षाचा नको, तीनचा मागा. नियमात "चालू प्रकल्प" (एका वर्षात न संपणारा) अशी सोय आहे, त्यात न वापरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे खर्च करता येते, मार्चची घाई उरत नाही. मुलांचे फोटो वापरायचे तर पालकांची लेखी संमती लागेल, हे तुम्हीच करारात घाला. सामान कोणाच्या मालकीचं तेही घाला, गोलपोस्टसकट. कंपन्यांची पुढच्या वर्षाची आखणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, म्हणून फाइल दिवाळीपर्यंत तयार ठेवा. ८०जीला वेळ लागतो, तो अर्ज आधी टाका.