मिरोस्लाव्ह क्लोजा इतका मोठा स्ट्रायकर का मानला जातो?

फुटबॉल विश्वचषकात जर्मनीसाठी केलेले १६ गोल, हे सरळ उत्तर. २००२ मध्ये ५, २००६ मध्ये ५, २०१० मध्ये ४ आणि २०१४ मध्ये २. शेवटचा, जर्मनीने ब्राझीलविरुद्ध ७-१ जिंकलेल्या त्या सेमीफायनलमध्ये. पहिला फटका गोलकीपरने अडवला, चेंडू परत पायाशी आला आणि क्लोजाने तो शांतपणे जाळ्यात धाडला. ब्राझीलच्याच रोनाल्डोचा १५ गोलांचा विक्रम ब्राझीलमध्येच मोडला! तेव्हा वय ३६.

जन्म पोलंडमधला, लहानपणी जर्मनीत आला. सुतारकाम शिकलेला हा मुलगा खालच्या लीगमधून वर चढत कैझरस्लाउटर्न, ब्रेमेन, बायर्न हे जर्मन क्लब आणि इटलीच्या लाझिओपर्यंत पोहोचला. जर्मनीसाठी १३७ सामन्यांत ७१ गोल. हेडर तर असे की २००२ चे पाचही गोल डोक्याने केलेले.

पण मला तो आवडतो २०१२ मधल्या एका प्रसंगामुळे. लाझिओकडून खेळताना, इटलीच्याच नापोली क्लबविरुद्ध चेंडू त्याच्या हाताला लागून आत गेला. रेफरीने गोल दिला. क्लोजाने स्वतः जाऊन सांगितलं, हाताला लागला. गोल रद्द झाला, नापोलीच्या खेळाडूंनी येऊन त्याच्याशी हात मिळवला. लाझिओ तो सामना ०-३ हरली.